नवें घर लावतांना

आपल्या भाषेंत घराविषयीं तीन निरनिराळे प्रयोग आहेत: घर बांधणें, घर घेणें आणि घर लावणें. पहिलें काम गवंड्याचें, दुसरें पैशाचें आणि तिसरें घरांतील माणसांचें. पूर्वीं हीं तिन्ही कामें बहुधा एकाच कुटुंबाच्या हातून होत. वाडा आजोबांनीं बांधिला, वडिलांनीं वाढविला आणि प्रत्येक पिढीच्या सुनांनीं तो आपापल्या सोयीनें लावून घेतला, अशीच बहुतेक जुन्या घरांची हकीकत असते. आतां बांधणारा निराळा आणि घेणारा निराळा. आणि अलीकडे लावणाराही निराळाच असावा अशी समजूत रूढ होऊं लागली आहे. नव्या फ्लॅटची किल्ली हातीं पडण्यापूर्वींच 'आंतली सजावट कोणाकडे दिली?' असें आप्तेष्ट विचारूं लागतात. हें तिसरें काम सर्वस्वीं परक्याकडे सोपवावें किंवा नाहीं, आणि आपणच करावयाचें तर भिंती न पाडतां व फार खर्चांत न पडतां तें कितपत साधतें, याविषयीं आमच्या घरीं गेल्या वर्षीं जो विचार झाला आणि जो अनुभव आला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

पुण्याच्या सदाशिव पेठेंत आमचा जुना वाडा होता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून आलेल्या पुरांत नदीकाठच्या पेठांतील पुष्कळ घरें पडलीं. त्या आपत्तींतून आमचा वाडा वांचला. पण काळाच्या पुरांतून कोणता वाडा कायमचा वांचतो? महाराष्ट्रांत १९६३ सालीं फ्लॅटच्या विक्रीसंबंधीं आणि १९७० सालीं अपार्टमेंटच्या मालकीसंबंधीं कायदे झाले, तेव्हांपासून एकेका वाड्याच्या जागीं इमारत उभी राहत आली आहे. शेवटीं आमचीही पाळी आली. वांटणींतून जें हातीं आलें त्यांत आमची शिल्लक आणि बँकेचें कर्ज घालून आम्हीं कोथरूड भागांत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. निजावयाच्या तीन खोल्या, दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि पश्चिमेस एक लांबट सज्जा. माणसें आठ: मामंजी, सासूबाई, आम्ही उभयतां, धाकटे भावजी आणि जाऊबाई, दहावींत शिकणारी माझी मुलगी आणि जाऊबाईंचा सहा वर्षांचा मुलगा.

या आठांपैकीं मामंजींविषयीं थोडें अधिक सांगावयास हवें. त्यांचें वय ८३ वर्षांचें. कांचबिंदूमुळें त्यांच्या दृष्टीचा घेर कांहीं वर्षांपासून आकुंचित होत आला आहे. समोरचें दिसतें, पण बाजूचें, पायाखालचें, मंद उजेडांतलें दिसत नाहीं. वाड्यांत असतांना हें आम्हां कोणाच्या फारसें लक्षांतच आलें नव्हतें, कारण तेथें ते डोळ्यांनीं चालत नसत, संवयीनें चालत. ओसरीच्या खांबापासून न्हाणीघरापर्यंत किती पावलें, कोणत्या पायरीची कड झिजली आहे, कोठें मान लवविली पाहिजे, हें त्यांच्या पायांना पाठ होतें. सकाळ-संध्याकाळ ते ओसरीवर बसत. पोस्टमनापासून भाजीवाल्यापर्यंत जो जो दारावरून जाई तो त्यांच्याशीं दोन शब्द बोलल्याशिवाय पुढें जात नसे. नव्या घरांत आल्यावर हें सर्व एका दिवसांत नाहींसें झालें. ते आपल्या खोलींत बसूं लागले, जेवावयास हांक मारली म्हणजे भिंत धरून येत आणि जेवून परत जात. तक्रार एका शब्दाची नाहीं. ज्यांच्या नांवावर घर, तेच घरांत पाहुण्यासारखे वागूं लागले.

याच सुमारास भावजींच्या ओळखीनें एक सजावटकार घर पाहून गेले. गृहस्थ सुशील आणि आपल्या कामांत वाकबगार होते, यांत शंका नाहीं. आठ दिवसांनीं त्यांनीं रंगीत चित्रें आणून दाखविलीं. दिवाणखाना आणि लगतची खोली यांमधील भिंत अर्धी काढावयाची, वर दुसरें खोटें छत बसवून त्यांत दिवे लपवावयाचे, एक भिंत गडद लाकडी तक्त्यांनीं मढवून तीवर टेलिव्हिजन, समोर लांबच लांब सोफा. चित्र मनोहर होतें. सासूबाईंनीं चष्मा लावून तें बराच वेळ पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "ह्यांत ह्यांची खुर्ची कोठें आहे?" सजावटकारांनीं नम्रपणें उत्तर दिलें कीं आजोबांची सर्व सोय त्यांच्या खोलींतच केली आहे. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं चष्मा काढून डबींत ठेवला. त्या डबीच्या आवाजानेंच त्या बेताचा निकाल लागला असें म्हटलें तरी चालेल.

अर्थात् केवळ भावनेनेंच बेत रद्द झाला असें नाहीं. सोसायटीच्या इंजिनियरांना नकाशा दाखविला, तेव्हां ती भिंत विटांची नसून काँक्रीटचीच ओतलेली आहे असें निघालें. जुन्या पद्धतीच्या इमारतींत भार खांब आणि तुळया घेतात व मधल्या भिंती नुसत्या आडोशाच्या असतात. परंतु अलीकडे पुष्कळ उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या सांच्यांत भिंती आणि छत एकदमच ओततात. तेथें भिंत हीच खांबाचें काम करते आणि तिला हात लावणें म्हणजे वरच्या बिऱ्हाडांच्या जिवाशीं खेळणें होय. खोट्या छताचेंही तसेंच. राहत्या खोलीची उंची निदान पावणेतीन मीटर, म्हणजे सुमारें नऊ फूट असावी, असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा दंडक आहे, आणि आमच्या खोल्यांची उंची त्याहून फारशी अधिक नाहीं. तींतून अर्धा फूट छतासाठीं दिला म्हणजे पंखा तितका खालीं आलाच. असें खर्चून आपण उंची विकत द्यावयाची, हा हिशेब आमच्या घरांत कोणालाच पटला नाहीं.

मग सासूबाईंनीं ठराव केला: "ज्येष्ठ संपेपर्यंत नवी वस्तु आणूं नका. कोण कोठें बसतें-उठतें तें आधीं कळूं द्या." आम्ही गुढीपाडव्याला राहावयास आलों होतों, म्हणजे जवळ जवळ तीन महिने हातीं होते. घरखर्चाच्या वहीच्या मागल्या पानांवर मी रोजचें टिपून ठेवूं लागलें. कोणत्या वेळीं कोणत्या खोलींत ऊन येतें, वर्तमानपत्र कोठें वाचलें जातें, चपला कोठें सांचतात, मुलगी पुस्तकें घेऊन कोठून कोठें फिरते, आणि मामंजी कोठें अडखळतात. या टिपणांपैकीं एकही गोष्ट सजावटकाराच्या चित्रांत असणें शक्य नव्हतें. कारण तीं चित्रें रिकाम्या घराचीं होतीं आणि हीं टिपणें भरल्या घराचीं.

पहिली गोष्ट कळली ती उन्हाची. पुणें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेअठरा अंशांवर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैअखेरीस भर दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो, तर डिसेंबरांत तो दक्षिणेकडे कलून माध्यान्हींसुद्धां क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांवरच राहतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला नुसता छज्जा पुरतो. तो उन्हाळ्यांतलें ऊन अडवितो आणि थंडींतलें आंत येऊं देतो. पश्चिमेचें तसें नाहीं. चार वाजल्यानंतरचें ऊन तिरकें, छज्ज्याच्या खालून थेट आंत येतें. आमचा दिवाणखाना पश्चिमेचा. चैत्रांत संध्याकाळीं तेथें बसवेना. प्रथम जाड पडद्यांचा विचार निघाला. परंतु कांचेच्या आंतल्या बाजूचा पडदा उजेड अडवितो, उष्णता नव्हे. ती कांच ओलांडून आंत आलेलीच असते. म्हणून सज्ज्यांत, कांचेच्या दाराच्या बाहेर, बांबूचे चिक सोडले. ते उन्हाला बाहेरच थोपवितात, वारा येऊं देतात, आणि इमारतीचें बाहेरचें स्वरूप बदलत नसल्यामुळें सोसायटीचीही हरकत आली नाहीं. कोरड्या दिवसांत त्यांजवळ वाळ्याचा पडदा ओला करून टांगला तर खोलींत गारवा येतो. मुंबई-कोंकणाच्या दमट हवेंत मात्र या उपायाचा फारसा उपयोग नाहीं, कारण पाणी झपाट्यानें उडून गेलें तरच गारवा मिळतो.

या चिकांनीं एक अनपेक्षित लाभ झाला. मामंजी दुपारीं चारच्या सुमारास दिवाणखान्याच्या दारापर्यंत येत आणि तेथेंच थबकत. "पाणी सांडलें आहे का?" असें त्यांनीं दोन-तीनदां विचारलें. पाणी कोठेंच नव्हतें. शेवटीं एके दिवशीं मी त्यांच्या जागीं उभी राहून, त्यांच्याप्रमाणें मान खालीं घालून पाहिलें, तेव्हां उलगडा झाला. नव्या गुळगुळीत फरशीवर पश्चिमेचा उजेड असा चकाकत होता कीं जमीन ओलीचिंब आहे असेंच वाटावें. वाड्यांतल्या शहाबादी फरशीनें असा दगा कधीं दिला नव्हता. चिक सोडतांच ती चकाकी गेली. तरीही त्यांच्या खोलीपासून दिवाणखान्यापर्यंत जमिनीवर एक अरुंद गडद सतरंजी अंथरली. मोकळी सतरंजी म्हाताऱ्या माणसाच्या पायांत येते, म्हणून खालीं रबराची जाळी घालून तिच्या कडा पक्क्या बसविल्या. त्या पट्ट्याला आमचा लहानगा 'आजोबांचा रस्ता' म्हणतो, आणि त्या रस्त्यावर खेळणें, पिशवी, चप्पल कांहींही ठेवावयाचें नाहीं हा नियम तोच सर्वांकडून पाळून घेतो.

मग उजेडाकडे लक्ष गेलें. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि आंतलें भिंग पिवळट पडतें. त्यामुळें साठीच्या माणसाच्या डोळ्यांतील पडद्यापर्यंत विशींतल्या माणसाच्या मानानें सुमारें एक-तृतीयांशच उजेड पोंचतो. ऐंशीच्या पुढें काय होत असेल याची कल्पना करावी. परंतु यावर छतांतच मोठमोठे दिवे लावणें हा उपाय नव्हे. त्यानें डोळे दिपतात. दिवा वस्तूच्या जवळ आणला पाहिजे, कारण अंतर निम्में केलें कीं उजेड चौपट होतो. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बाचें काम सहज करतो. असे चार दिवे, पिवळसर प्रकाशाचे, वर टोप्या घालून, जेथें जें काम होतें तेथेंच ठेवले: एक वाचण्याच्या खुर्चीपाशीं, एक मुलीच्या टेबलावर डाव्या हाताला, एक स्वयंपाकघरांत ओट्यावर, आणि एक अगदीं मंद, रात्रभर जळणारा, न्हाणीघराच्या वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीवर. पांढऱ्या भिंतीवरचीं पांढरीं बटणें मामंजींना सांपडत नसत. त्यांच्या भोंवतीं गडद निळ्या कागदाची चौकट चिकटविली. न्हाणीघराच्या उंबरठ्याची कड गेरूच्या रंगानें रंगविली. पानांत भात उरतो म्हणून सासूबाई रोज कष्टी होत. पांढऱ्या ताटलींत पांढरा भात त्यांना दिसतच नसे, हें कारण होतें. केळीच्या पानावर भात कसा उठून दिसतो हें आपण सारेच जाणतों. म्हणून त्यांच्यासाठीं हिरव्या रंगाची ताटली आणली. त्या दिवसापासून पानांत शीत राहिलें नाहीं.

आवाजाची गोष्ट याहून थोडी सूक्ष्म आहे. नव्या घरांत आमच्या सर्वांच्याच बोलण्याचा स्वर चढला होता. कोरी भिंत, कांच आणि गुळगुळीत फरशी यांवरून आवाज परतून येई, आणि जेवणाच्या वेळीं आठजणांचें बोलणें एकमेकांत मिसळून मामंजींना एकही वाक्य नीट लागत नसे. ते गप्प राहत, आणि आम्ही समजत असूं कीं त्यांना जेवतांना बोलणें आवडत नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १८९५ सालीं नव्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहाची हीच अवस्था होती. वक्त्याचा शब्द इतका घुमे कीं व्याख्यान कळेना. वॉलेस सॅबाईन या तरुण अध्यापकावर ती दुरुस्ती सोपविण्यांत आली. त्यानें जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं आणून व्याख्यानगृहांत मांडल्या आणि किती गाद्यांनीं आवाज किती लवकर विरतो हें घड्याळ लावून मोजलें. त्यांतूनच त्यानें घुमणाऱ्या आवाजाचा नियम शोधून काढला, आणि १९०० सालीं उघडलेलें बोस्टनचें प्रसिद्ध संगीतगृह त्याच नियमाच्या आधारें बांधलें गेलें.

आमच्या घरीं गाद्या उसन्या आणण्याचें कारण नव्हतें. वाड्यांतून आणलेली बैठक, लोड आणि तक्के माळ्यावर बांधून ठेवलेले होते. ते खालीं आले. पुस्तकांचें कपाट जेवणाच्या टेबलासमोर आलें. राहिली समोरची मोठी भिंत. ती रिकामीच ठेवावी असा जाऊबाईंचा आग्रह होता, आणि तो रास्त होता. जाऊबाई बँकेंत नोकरी करतात, दिवसभर गर्दींत असतात. संध्याकाळीं घरीं आल्यावर डोळ्यांना विसावा देणारी एक तरी जागा असावी, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं सर्व कॅलेंडरें आणि तसबिरी त्या भिंतीवरून उतरविल्या, आणि तीवर एकच वस्तु टांगली: सासूबाईंच्या सासूबाईंनीं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. सासूबाई म्हणाल्या, "अंथरूण का कोणी भिंतीला लावतें?" पण ती टांगल्यावर त्यांनींच कोणतें ठिगळ कोणाच्या लुगड्याचें हें नातीला सांगावयास आरंभ केला, आणि त्यावर पुढें आक्षेप निघाला नाहीं. गोधडीनें भिंत शोभली आणि आवाजही शांत झाला. वर्धा येथें सेवाग्रामांत महात्माजींची कुटी ज्यांनीं पाहिली असेल त्यांना माझें म्हणणें पटेल कीं चटई, मातीची भिंत आणि स्वच्छता एवढ्यानेंही खोलीला शोभा येते, कारण तेथें अनावश्यक असें कांहीं नाहीं. आपल्याला तितकें जमणार नाहीं. पण एक भिंत रिकामी ठेवणें जमण्यासारखें आहे.

आतां खुर्चीचा प्रश्न. नवे सोफे खोल आणि ठेंगणे असतात. त्यांत तरुण माणसें सुखानें रुततात, वृद्धांना मात्र तेथून उठावयास दुसऱ्याचा हात लागतो. मामंजींसाठीं सुमारें १८ इंच उंचीची, हात असलेली, ताठ पाठीची जुनी खुर्ची नीट करून घेतली. ती ठेवावी कोठें याची मात्र बरीच चर्चा झाली. टेलिव्हिजनसमोर ठेवावी असें भावजींचें मत. वहींतील टिपणें पाहतां मला वेगळेंच दिसलें. घरांत सर्वांत अधिक जाणें-येणें होई तें पुढील दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच्या बोळांत. दूध तेथून येतें, मुलें तेथून शाळेंत जातात, शेजारीण तेथें उभी राहून बोलते. वाड्यांत ओसरी होती ती अशाच जागीं, आंत आणि बाहेर यांच्या सीमेवर. मामंजींना जें हवें होतें तें नुसतें बसणें नव्हे. माणसें जेथून जातात तेथें बसणें हवें होतें. खुर्ची त्या बोळांत, दारापासून चार पावलांवर ठेवली. वाड्यांतल्या झोपाळ्याची सागवानी पाट छताला कड्या ठोकून टांगण्याचा मोह आवरून, तिला खालीं भक्कम पाय लावून घेतले आणि त्याच उंचीचें बांक करून खुर्चीशेजारीं ठेवलें. त्यावर बसून मुलें बूट घालतात, आणि आल्यागेल्याला टेकावयास जागा होते.

इतर गोष्टी थोडक्यांत सांगतें. सासूबाईंना गुडघ्यांमुळें जमिनीवर बसून पूजा करणें कठीण जाई. देव उंच मेजावर ठेवले, म्हणजे त्या स्टुलावर बसल्या तरी देव त्यांच्याहून वरच राहतात आणि मनाला रुखरुख लागत नाहीं. मुलीचें टेबल आमच्या खोलींत अशा रीतीनें लावलें कीं खिडकी डोळ्यांसमोर न येतां बाजूस यावी, आणि रात्रीं दहापर्यंत त्या खोलींत तिच्याखेरीज कोणी बसूं नये असा नियम केला. वाड्यांतलें घंगाळ दारापाशीं छत्र्या आणि काठ्या ठेवण्याच्या कामास आलें. जी वस्तु कोणाच्याही कामाची नाहीं आणि जिच्याविषयीं कोणालाही प्रेम नाहीं, ती देऊन टाकली. अशा वस्तू मोजतांना तीन पोतीं भरलीं. रंग, चिक, दिवे, सतरंजी, सुताराची मजुरी धरून सर्व खर्च ४२ हजार रुपयांच्या आंत आला.

एवढ्यानें घर परिपूर्ण झालें असें मात्र कोणी समजूं नये. बोळांत खुर्ची आणि बांक आल्यानें तेथून दोन माणसांना एकदम जातां येत नाहीं; सकाळच्या घाईंत भावजींचा गुडघा बांकावर आपटतो आणि ते जें बोलतात तें लिहिण्यासारखें नसतें. दार उघडतांच समोर जुनी खुर्ची दिसते, हें जाऊबाईंना अजूनही मनापासून रुचलेलें नाहीं. त्यांच्या कचेरींतील मैत्रिणी येणार असल्या म्हणजे त्या तीवर स्वच्छ अभ्रा घालतात, पण ती हलवीत नाहींत. एकत्र कुटुंबांत प्रत्येकाची आवड पूर्ण होणें शक्य नसतें. कोणाची आवड आणि कोणाची गरज एवढें ओळखतां आलें, तर पुष्कळ वाद आपोआप मिटतात.

आणि मामंजी? त्यांची दृष्टि कांहीं परत आली नाहीं. गेलेली दृष्टि कांचबिंदूंत परत येत नसते, आणि पुढें ती आणखी कमी होईल हें आम्हांला डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें आहे. पण आतां घंटा वाजली म्हणजे दार तेच उघडतात. दुधाचा हिशेब त्यांच्याकडे आहे. मेथीची जुडी निवडावयास त्यांच्यापुढें ठेवली तर बोटांनीं चांचपून ते ती आमच्याहून स्वच्छ निवडतात. संध्याकाळीं बांकावर नातू बसतो आणि ते त्याला पावकी, निमकी शिकवितात. त्या दोघांचा स्वर स्वयंपाकघरांत ऐकूं येतो आणि कधीं कधीं मीच एखादी ओळ त्यांच्यामागून म्हणून जातें. श्रावणांत एके रात्रीं पानें घेतलीं, हांक मारावयास म्हणून मी वळलें, तों ते आपल्या जागेवर येऊन बसलेलेच होते. त्याविषयीं कोणीं कांहीं बोललें नाहीं. सासूबाईंनीं त्यांच्या ताटलींत भात वाढला, आणि पुष्कळ महिन्यांनीं त्यांनीं त्या रात्रीं जेवतां जेवतां पानशेतच्या पुराची गोष्ट सांगितली. मुलांनीं ती शेवटपर्यंत ऐकली.

ज्या वाचकांना थोड्याच दिवसांत नव्या घराची किल्ली मिळावयाची आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे. रंग, कपाटें आणि दिवे यांचे नमुने पाहण्यापूर्वीं एक महिना तरी घरांत तसेंच राहावें. घरांतील सर्वांत वृद्ध माणूस आणि सर्वांत लहान मूल यांच्या मागोमाग एकदां सकाळपासून रात्रीपर्यंत फिरावें, आणि त्यांना कोठें थबकावें लागतें तें टिपून ठेवावें. त्या टिपणांत जें निघेल त्याची दुरुस्ती बहुधा एक दिवा, एक पडदा, एक पट्टी किंवा खुर्चीची बदललेली जागा यांनींच होते. भिंत पाडण्याचा विचार त्यानंतरही करतां येईल. पण आमचा अनुभव असा कीं तोंपर्यंत ती पाडावी असें कोणाला वाटेनासें होतें.